फळ्यावरची भरतीची वेळ

साखरखेर्ड्याहून चिखलीला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही. मी गाव सोडलं त्या सकाळी ती पाऊण तास भरली नाही. निरोप दोनदा घेऊन झाला, आणि तिसऱ्यांदा बोलायला कोणाकडे काही उरलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, दाराला हात लावून उभे होते. शेजारी त्यांचे लहानपणापासूनचे मित्र युसूफचाचा. चाचा कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरायचे. त्यांनी माझ्यासाठी एक रजई भरून सुतळीने बांधून आणली होती. ती मांडीवर घेऊनच बसावं लागणार होतं.

"समुद्राकाठी थंडी नसते, चाचा."

"तू गेला होता का कधी तिथं? पेपरात लिहू लिहू तुले सगळंच समजते बे," चाचा म्हणाले. जीपमधले दोघे हसले.

आबा एवढंच म्हणाले, "पोचला का फोन कर."

मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. त्याची आमच्या भागातली आवृत्ती बंद झाली. ओळखीतून कोकणातल्या एका लहान गावात काम मिळालं. समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर सात खोल्यांचा होमस्टे. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना आसपासचं दाखवायचं. सकाळी होडीतून डॉल्फिन, मग खाडीत कयाक, दुपारी दीपगृह, संध्याकाळी सूर्यास्त. जेवणात काय, खोलीत एसी आहे का, लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं मिळेल का, या प्रश्नांची उत्तरं मी आता झोपेतही देतो. पूर्वी गारपीट, बाजारभाव आणि अपघात लिहायचो. भाषा बदलायला फार दिवस लागले नाहीत. घरी फोन केला की मात्र 'मला' सोडून 'मले' तोंडात येतं, आणि अंगणात बसलेले पुण्याचे पाहुणे वळून पाहतात.

पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, उत्तर टोकाला एक मोठा खडक आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. भरतीला मधल्या वाटेवर दोन पुरुष पाणी चढतं आणि ते वाहतं असतं. म्हणून फाटकाजवळ एक काळा फळा आहे. रोज सकाळी त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या, खडकावरून कधी परतायचं ते लिहायचं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते. कालचा फळा आज चालत नाही. शिवाय प्रत्येक पाहुण्याला तोंडी सांगायचं. होमस्टेच्या मालकीणबाईंचा, ज्यांना सगळे काकी म्हणतात, तसा नियम आहे. लोक फळा वाचत नाहीत. दोन्ही कामं माझीच.

तिसऱ्या हिवाळ्यात आबा आणि चाचा आले. दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. मी त्यांना दोन दिवस सगळं दाखवलं. दीपगृहाच्या पायऱ्या चाचा मोजत चढले आणि वर पोचल्यावर आकडा विसरले. होडीत आबांनी एकदाही काठ सोडला नाही. डॉल्फिन दिसला तेव्हा चाचा म्हणाले, "एवढ्या दूर आणलं अन् पाठच दाखवली. मेहकरच्या बाजारात म्हैस तरी तोंड दाखवते." होडीतले पाहुणे खूप हसले. त्यांच्यापैकी एकाने चाचांबरोबर फोटो काढून घेतला.

त्या संध्याकाळी चाचांनी माझी रजई हातात घेऊन दाबून पाहिली. समुद्राच्या दमट हवेने कापसाच्या गाठी झाल्या होत्या. "हिचा तं गोळा झाला," ते म्हणाले आणि सुई मागून घेतली. एक बाजू उसवली. "उद्या मोकळी करून देतो."

आमच्याकडे खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. आबा आणि चाचा नवरात्रात दरवर्षी तिथे जात. ते पाणी उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात वाढतं, पण सकाळी जिथे पाहिलं तिथेच संध्याकाळी असतं. काठावर चप्पल काढून दिवसभर फिरा, चप्पल कोरडी राहते. आबांनी होडीतून उतरताना मला सांगितलंही होतं, "लाटा कितीबी येऊ दे, खारं पाणी जागा सोडत नाही." मी हसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. लोणारचं पाणी पाहत मोठा झालेला माणूस समुद्राबद्दल काय समजेल, हे त्या गावात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी होती. साडेसहाला मी फाटकाजवळ फळा लिहीत होतो. आबा आणि चाचा माझ्या खोलीत, स्वयंपाकघराच्या मागे झोपत. मागच्या दारातून आबांचा आवाज आला, "आमी जरा फिरून येतो."

"चहाला या," मी म्हणालो. वळून पाहिलं नाही. हातात खडू होता आणि 'खडकावरून सातच्या आत परत' हे अर्धं लिहून झालं होतं.

सात वाजता आठ पाहुण्यांना मी त्या दिवसाच्या सूचना तोंडी दिल्या आणि धक्क्यावर नेलं. साडेआठला परत आलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन कप तसेच झाकलेले होते.

"तुझो बापूस खंय गेलो?" काकींनी विचारलं.

मी पुळणीवर धावलो. खडकाच्या अलीकडे, वाळूवर, चपलांचे दोन जोड ठेवलेले होते. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. आबा खडकावर एकटेच उभे होते. होडीवाल्याने त्यांना उतरवून घेतलं तेव्हा ते फक्त हाताने दाखवत होते, मधल्या वाटेकडे. पाणी वाढलेलं पाहून चाचा म्हणाले होते, "थांब, मी पाहून येतो किती हाये ते." चाचांना विहिरीत पोहता येत होतं. ते दुपारी सापडले.

त्यांचा मोठा मुलगा दुसऱ्या दिवशी आला. इतक्या लांब नेण्यापेक्षा इथेच, असं त्याने ठरवलं. तालुक्याच्या गावी कब्रस्तान आहे. तिथल्या अनोळखी लोकांनी खांदा दिला.

त्याआधी, चाचा सापडले त्याच दिवशी, स्थानिक बातमीदाराचा फोन आला होता. असे फोन मी स्वतः पुष्कळ केले आहेत. नाव, वय, गाव विचारून झाल्यावर त्याने विचारलं, "सूचना दिल्या होत्या ना?" समोर काकी उभ्या होत्या. मी म्हणालो, "रोज देतो." हे वाक्य खरं आहे. सकाळी छापून आलं: सूचनांकडे दुर्लक्ष करून खडकावर गेलेल्या पर्यटकाचा मृत्यू. एका वाक्याचं दुसरं वाक्य कसं होतं, हे मला माहीत होतं. मी फोन करून ते बदलायला सांगू शकलो असतो. केला नाही. कात्रण संध्याकाळपर्यंत साखरखेर्ड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं.

चाचांच्या चाळिसाव्या दिवशी मी गावी गेलो. चाची त्यांच्या घरासमोरच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनीच माझी समजूत घातली. "तू कायले मनाले लावून घेतं बेटा? सांगूनबी आयकलं नाही त्यायनं. जनमभर कोणाचं आयकलं होतं?" शेजारी आबा बसले होते. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

तेव्हापासून आबा रोज सकाळी साडेसहाला फोन करतात.

"आज पाणी कवा चढते?"

मी वेळ सांगतो.

"सगळ्यायले सांगशीन ना?"

"हो, आबा."

मग फोन ठेवतात. त्यांच्या घरापासून सर्वात जवळचा समुद्र एक दिवसाच्या अंतरावर आहे. 'तू सांगितलं नव्हतंस', हे ते आजवर म्हणाले नाहीत. चाचींनाही त्यांनी सांगितलेलं नाही. माझ्यासाठी ते रोज त्या ओट्यासमोरून गप्प जातात.

गाव सोडलेल्या माणसाला गाव परकं होतं, असं लिहायची पद्धत आहे. माझं तसं झालं नाही. मीच आबांना आणि चाचांना घरचे समजलो, आणि घरच्यांना काय सांगायचं म्हणून सांगितलं नाही. पाहुणे समजलो असतो तर ते सातच्या आत परत आले असते.

बातमी चुकली तर दुरुस्ती द्यावी लागते. ती अशी: युसूफचाचांना त्या सकाळी कोणीही, कोणतीही सूचना दिली नव्हती. त्यांनी कशाकडेही दुर्लक्ष केलं नाही. सूचना देणं माझं काम होतं.

हे इथे लिहून भागणार नाही. चाचींना वाचता येत नाही, आणि फळ्यावर लिहिलेलं पुरत नाही हा आमच्याकडचा नियमच आहे. उद्याचा फळा काकी लिहितील. मी रजई सुतळीने बांधली आहे. तिची एक बाजू अजून उसवलेलीच आहे. चिखलीपर्यंत बस आहे, पुढे जीप. गाव म्हणजे आता मला चाचींचा तो एक ओटा, जिथे हे तोंडी सांगायचं राहिलं आहे.