कोनाचा पोसा तू?

जव्हारच्या बाजारात अजूनही कुणीतरी मला गाठतं. मी वांगी निवडत असते, एसटीची वाट बघत असते, आणि एखादा ओळखीचा-अनोळखी माणूस हसत हसत म्हणतो, "मॅडम, टीव्हीवर तुमच्या आईनं काय धमाल केली!" मी हं म्हणते आणि वांग्यांकडे बघते. त्या कार्यक्रमाची मला किळस येते. आता बरेच महिने झाले, तरी ती कमी झालेली नाही. लोकांना वाटतं मी हरले म्हणून कुढते. वाटू दे.

मी आश्रमशाळेत भूगोल शिकवते. राजधान्या, नद्या, कुठल्या देशाचं चलन काय, असल्या गोष्टी पाठ करायची मला लहानपणापासून खोड. या माहितीचा आमच्या जामसरात कुणाला काडीचा उपयोग नाही, पण मला त्यात गंमत वाटायची. शाळेतल्या एका शिक्षिकेनं माझ्या मोबाइलवरून त्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत माझं नाव नोंदवलं. फोनवर प्रश्न आले, मी उत्तरं दिली, आणखी प्रश्न आले, तीही दिली. मग एक दिवस एका मुलीचा फोन आला की अभिनंदन, आपली निवड झाली आहे. त्या कार्यक्रमातली सगळी माणसं 'आपण' म्हणायची. आपण बसा, आपण हसा, आपण जरा डावीकडे सरका. इतकं 'आपण' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आधी त्यांना माझ्या घरची फिल्म हवी होती. कॅमेरा घेऊन चौघं जामसरला आले आणि आमचं घर बघून त्यांचे चेहरेच पडले. आमचं घर स्लॅबचं आहे. नळ आहे, फ्रिज आहे, अंगणात माझी स्कूटी उभी असते. त्यातला एक जण दुसऱ्याला हिंदीत म्हणाला, "यहाँ तो कुछ भी नहीं है." मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी स्कूटी मागे ढकलली, शेजाऱ्यांचं कुडाचं घर शोधलं आणि मला त्याच्या दारात उभं केलं. डोक्यावर हंडा घेऊन चाला म्हणाले. मी म्हटलं, "पाणी नळाला येतं." तो म्हणाला, "हो मॅडम, पण नळावर भावना येत नाही."

मी चालले. हंडा रिकामाच होता, आणि मला चष्मा काढायला लावल्यामुळे पायाखालचं धड दिसत नव्हतं. सामान्यज्ञानाच्या कार्यक्रमाला निघालेल्या बाईनं चष्मा लावलेला त्यांना चालत नव्हता. आतमध्ये आईनं त्यांच्यासाठी कोंबडी केली होती, नागलीच्या भाकरी केल्या होत्या. त्यांनी त्या ताटांचं पुढून, मागून, वरून चित्रण केलं आणि गाडीत बसून बरोबर आणलेले डबे खाल्ले. त्या भाकऱ्या आम्हीच दोन वेळ खाल्ल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरच्या बोलीत एका माणसाला 'तुम्ही' म्हणत नाहीत. तुम्ही म्हणजे पुष्कळ जण. एकटा माणूस असला की तू. मग तो तलाठी असो, जावई असो, नाहीतर दवाखान्यातला मोठा डॉक्टर असो. त्यात उद्धटपणा नाही आणि लाडही नाहीत, तो नुसता हिशेब आहे, समोर एक आहे की अनेक. मी शाळेत 'तुम्ही' शिकले, 'आपण' शिकले, घराच्या उंबऱ्याबाहेर तेच वापरते. आई शाळेत गेली नाही. तिचं मराठीसुद्धा तिच्या बोलीच्या हिशेबानंच चालतं.

चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही स्पर्धक सकाळपासून एका थंडगार खोलीत बसून होतो. मला लुगडं नेसवायचा त्यांचा बेत होता, तो मी हाणून पाडला. त्यावर त्या कपड्यांवाल्या बाईनं असं नाक मुरडलं की जणू मी तिच्या घरचं काही चोरलं. पण खेळ सुरू झाला आणि मी हे सगळं विसरले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. उत्तरं माहीत असण्याचा एक माज असतो, तो मला चढला होता. सूत्रसंचालक चांगला उंचापुरा, आवाज मधाळ. तो प्रत्येक उत्तरानंतर टाळ्या मागायचा आणि लोक द्यायचे.

मग क्रिकेटचा प्रश्न आला. क्रिकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या खेळात एकदा घरी फोन लावून विचारायची सोय होती, अर्धं मिनिट. माझा भाऊ जव्हारला एका कचेरीत कारकून आहे आणि क्रिकेट म्हणजे त्याचा जीव. तो त्यासाठीच रजा काढून घरी बसला होता. मी म्हटलं, घरी फोन लावा.

आमच्या घरात रेंज फक्त मागच्या खिडकीत येते. फोन त्या खिडकीत ठेवलेला असतो आणि घरातलं माणूस त्याच्या आसपास घुटमळत असतं. भाऊ सकाळपासून तिथून हलला नव्हता. नेमका तो परसात गेला आणि फोन वाजला. आईनं उचलला.

सूत्रसंचालकानं मधाळ आवाजात नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं. सबंध महाराष्ट्र त्याला ओळखतो. आईनं विचारलं, "कोनाचा पोसा तू?"

पोसा म्हणजे मुलगा. कोणाचा मुलगा तू, असं तिनं विचारलं. आमच्याकडे नुसत्या नावानं माणूस कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न हाच असतो. पण समोर बसलेले दोनशे लोक असे फुटले की मला क्षणभर काय झालं तेच समजलं नाही. सूत्रसंचालक कपाळाला हात लावून खुर्चीतून घसरल्यासारखं करत होता. त्याला हसू येत होतं की तो ते करून दाखवत होता, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "आजी, मी मुंबईहून बोलतोय." आई म्हणाली, "मग लांबशी आहेस. जेवलास का नाय?" पुन्हा हशा. मी ओरडले, "आई, दादाला दे!" तिला हाक ऐकू गेली नसावी, कारण ती त्याला पाऊसपाण्याचं विचारायला लागली. वेळ संपला.

मी हात चोळत बसले. तेवढ्यात चित्रीकरण थांबलं आणि कानाला यंत्र लावलेली एक मुलगी माझ्याकडे धावत आली. माझ्या गुडघ्याशी बसून म्हणाली, "मॅडम, आवाज मध्ये तुटलाय. आपण परत घेऊ. आपण आजींना फक्त सांगा, तसंच म्हणायचं, कोनाचा पोसा तू. जरा मोठ्यानं आणि रागावून. मग त्या भावाकडे फोन देतील, भाऊ उत्तर देईल. म्हणजे आपलंही काम होईल."

म्हणजे उत्तर मिळणार होतं. पुढचे प्रश्न मिळणार होते. त्याबदल्यात आईनं स्वतःची नक्कल करायची होती, आणि ती नक्कल तिच्याकडून मी करून घ्यायची होती. त्या मुलीचा चेहरा इतका गोड होता की मला शिसारी आली. तिला यात काही वाईट दिसतच नव्हतं.

फोन चालूच होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "ती लोकां कशाला हासत?"

तिनं ऐकलं होतं. दोनशे माणसांचं हसणं जामसरच्या खिडकीपर्यंत पोहोचलं होतं आणि ती कोड्यात पडून विचारत होती. ती दुखावलेली नव्हती, अजून नव्हती. ते तसंच राहावं एवढंच मला त्या वेळी वाटलं. मी आमच्या बोलीत म्हटलं, "तू बोललीस म्हनून त्यांना बरा वाटला." आई म्हणाली, "मंग बरा." मी फोन बंद केला आणि त्या मुलीला सांगितलं, "परत घ्यायचं नाही. आणि जे घेतलंय तेही दाखवायचं नाही."

ती हो म्हणाली. "आपण काळजीच करू नका," असं म्हणाली. मी क्रिकेटच्या प्रश्नाला अंदाजानं उत्तर दिलं, ते चुकलं, आणि एक चेक आणि चहाच्या पुड्यांची पिशवी घेऊन घरी आले.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आमच्याकडे निम्मा पाडा जमला होता. माझी मुलगी ठाण्याला शिकते, तीही आली होती. पहिल्यांदा मी रिकामा हंडा घेऊन दुसऱ्याच्या घरासमोरून चालले. "अगं, हा तर आपला कूड," शेजारीण म्हणाली, आणि तिला केवढा आनंद झाला. मी मनात म्हणत होते, तो भाग नसेल, त्या मुलीनं शब्द दिलाय. पण त्यांनी तो भाग कापला नव्हता. उलट त्याला बाजा लावला होता. आईचा फोटो पडद्यावर मोठा केला, मागे टुंईंग असा आवाज टाकला, आणि खाली तिच्या मराठीचा मराठीत अनुवाद दिला. 'कोनाचा पोसा तू' ही ओळ त्यांनी तीनदा वाजवली. आवाज कुठेही तुटलेला नव्हता.

टीव्हीतले लोक हसत होते आणि आमच्या खोलीत सगळे गप्प. हसण्यासारखं काय झालं ते पाड्यातल्या कुणालाच कळेना. म्हातारे एकमेकांकडे बघत होते. एकटी माझी मुलगी हसली. तिनं लगेच तोंडावर हात दाबला, पण हसू दाबलं गेलं नाही. तिला मी लहानपणापासून 'तुम्ही' शिकवलं आहे, घरातसुद्धा. तिला विनोद बरोबर कळला होता.

आई टीव्हीकडे बघायची सोडून नातीकडे बघत राहिली. पाहुणे गेल्यावर तिनं नातीलाच विचारलं, मला नाही. "मी काय वंगाळ बोललू?" मुलगी चांगली आहे, ती आजीच्या गळ्यात पडली. म्हणाली, "नाही गं आजी, फक्त मोठ्या माणसांना तुम्ही म्हणायचं असतं. ते किती मोठे आहेत!" मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. मी बाहेर येऊन काहीतरी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक माझं कौतुक करायला घरी आले. ते साखरशेतचे, आमच्यातलेच, आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडे येतात. ते दिसले की आई बसल्या जागेवरून हाक मारायची, आलास का, बस, चहा घे. त्या दिवशी ती अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यांना बघून ती सूप बाजूला ठेवून उठली, पदर नीट केला आणि उभी राहिली. शाळेतली मुलं कविता म्हणतात तसं, एकेक अक्षर जपून म्हणाली, "तुम्ही आलात? तुम्ही बसा."

मुख्याध्यापकांनी मागे वळून बघितलं, आपल्याबरोबर आणखी कोण आलंय म्हणून.