टकटकबाई

माझ्या मोठ्या नणंदेने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलं ताईंना समोर बाई म्हणायची आणि पाठीमागे टकटकबाई. ताईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

शनिवारी शेवटच्या तासाला त्या मुलांना शाळेच्या मागच्या आवारात न्यायच्या. दगड उलटायचा असो की ओंडक्याची साल उचलायची असो, आधी त्यावर काडीने टकटक करायची आणि विचारायचं, "आहे का कुणी घरात?" मग कान देऊन थांबायचं. आत खुडबुड झाली तर तेच उत्तर. "असू द्या, नंतर येतो," म्हणून पुढे जायचं. काहीच हललं नाही तर हळूच उचलून बघायचं. निघताना घर बंद करायचं. विंचवाकाट्यापासून पोरांची बोटं वाचावीत म्हणून काढलेली ही युक्ती, पण मुलांना तिचं वेडच लागलं. माझी धाकटी तर घरी खाऊच्या डब्यालाही विचारायची. उत्तराची वाट तेवढी बघायची नाही.

एका शनिवारी मुलं वर्गात परतली आणि चिमणीची जागा रिकामी राहिली. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, हजेरीलाही नुसता हात वर करणारी. ताईंनी जिना, नळ, संडास सगळं पालथं घातलं. शिपाई रस्त्यावर धावला. चिमणीची आई तिला न्यायला येऊन फाटकाशी उभी होती.

शेवटी चिमणीच्या गटाची पुढारीण, एक चष्मेवाली, ताईंची बाही ओढून म्हणाली, "बाई, पंपाच्या खोलीत कुणीतरी राहतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"आम्ही विचारलं ना. दार उघडंच होतं. टकटक केली तर आतूनही टकटक आली. म्हणून असू द्या म्हटलं, आणि कडी लावून आलो."

मला हे सांगताना ताई इथे नेहमी थांबायच्या. एकाही पोराने आगाऊपणा केला नव्हता. शिकवलं होतं तेच तंतोतंत केलं होतं.

कडी काढली, तर चिमणी मोडक्या बाकांमागे भिंतीला टेकून गाढ झोपलेली. पालीची अंडी बघायला शिरली होती म्हणे. आईने तिला पोटाशी धरलं आणि ताईंना चार शब्द सुनावले. ताईंनी ते ऐकून घेतले. मग चिमणीपुढे बसून विचारलं, "अगं, आतून वाजवलंस, मग हाक का नाही मारलीस?"

"मी नाही वाजवलं," चिमणी म्हणाली. "मी झोपले होते."

मुख्याध्यापक म्हणाले, घूस असेल. मीही तेच म्हणाले. शिपाई मात्र त्या खोलीत पुन्हा एकटा गेला नाही.

त्यानंतरचे शनिवार मुलं वर्गातच बसली. ताई फळ्यावर मुंगी काढायच्या आणि मुलं खिडकीबाहेर बघायची. आता पुन्हा पोरं घेऊन बाहेर पडायचं धाडस होणार नाही, असं ताई मला म्हणाल्या होत्या. घरी दारावर थाप पडली की त्या हातातलं काम टाकून धावायच्या. कधी कधी थाप पडलेलीच नसायची.

मग एकदा चिमणी आपणहून उभी राहिली. "बाई, ती अंडी आता फुटली असतील." बस्स, एवढंच.

ताईंनी खडू खाली ठेवला. बाहेर पडताना नियम बदलून सांगितला: उत्तर आलं तर निघून यायचं नाही, मला हाक मारायची. आणि माणसाला मावेल अशा दाराला कडी लावायचीच नाही.

निवृत्त होईपर्यंत ताई मुलांना नेत राहिल्या. दर वेळी आधी स्वतः पंपाच्या खोलीशी जायच्या. एकदा मीही सोबत होते. ताईंनी टकटक केली, विचारलं, थांबल्या. मला काही ऐकू आलं नाही. ताईंनी दार सताड उघडलं, ते मिटू नये म्हणून दगड लावला, आणि जरा बाजूला सरकून उभ्या राहिल्या, बाहेर येणाऱ्याला वाट द्यावी तशा.