खिडकीखालची मिरची

१२ जुलै १९३४, गुरुवार, सकाळचे अकरा. बारामतीच्या शाळेत मी इंग्रजी व्याकरण शिकवीत होतो.

जळोची गावचा एक भाजीवाला दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, वर्गाच्या खिडकीखाली टोपली घेऊन बसे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. मी वाक्याचा क्रम सांगताना 'कर्ता' म्हटले की तो जमिनीवर वांगे ठेवी, मग ओळीने क्रियापदाला मिरची, कर्माला दोडका. मुले त्याच्याकडे पाहत, म्हणून मागच्या गुरुवारी मी खिडकी लावून घेतली होती.

त्या दिवशी माझ्याच वर्गातल्या त्याच्या मुलाने इंग्रजी वाक्यात क्रियापद शेवटी टाकले. मी छडी मारली.

"बापानं बरूबर हाय म्हनून सांगितलं," मुलगा म्हणाला. वर्ग हसला.

तोच खिडकीत मुंडासे वर आले.

"मास्तर, छडी मला मारा. मागल्या बाजारी खिडकी लावलेली, ऐकू आलं न्हाय. मिरची आपल्या मराठी बोलन्यापरमानं शेवटाला ठिवली अन् पोराला शाबास म्हनलो."

"अक्षर येत नाही, तर तपासता कशाला?"

"घरात त्येचा धडा ऐकनारं दुसरं कोन हाय? पन माज्या शाबासकीनं पोरगं नापास व्हायला नगं."

त्याने हात खरोखरच गजांतून आत धरला होता. तळव्याला माती होती. मी छडी टेबलावर ठेवली आणि धडा पुढे चालू केला.

भर वर्गात आपली चूक सांगणारी माणसे मी पुढे फार पाहिली नाहीत. त्या दिवशी माझीही चूक होती. ती मी सांगितली नाही.

शाळा सुटल्यावर मी खिडकीची कडी उखडून काढली.