मामा आणि रस्ता सांगणारं यंत्र

नाशिक जिल्ह्यातले सगळे रस्ते ज्याला ठाऊक आहेत असा माणूस पृथ्वीतलावर आता एकच उरला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे विधान मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे, कारण खुद्द मामांनी ते माझ्यासमोर इतक्या वेळा केलं आहे की न मानणं आता घरगुती शांततेच्या दृष्टीने परवडणारं नाही. मामांना माहीत असलेल्या रस्त्यांपैकी बरेचसे आता अस्तित्वात नाहीत, ही त्यातली किरकोळ अडचण. कुठे उड्डाणपूल आला, कुठे गाव फुगून रस्त्यावर सांडलं, कुठे चक्क रस्ताच उचलून शेजारच्या शिवारात नेला. मामांच्या मते हा सगळा रस्त्यांचा दोष आहे. माहिती बदलत नसते.

मामांचा एक ट्रक आहे. तीस वर्षं तो त्यांनी स्वतः चालवला. सिन्नरच्या कारखान्यातून पुठ्ठ्याची खोकी भरायची आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांना पोचती करायची, हा धंदा. ऐकायला सोपा वाटतो, पण द्राक्षबागेला पत्ता नसतो. तिला वस्ती असते, वस्तीला नाना असतात, आणि एका गावात नाना किमान सहा. अशा परिस्थितीत नेमक्या नानांच्या शेडसमोर ट्रक उभा करणं ही विद्या मामांकडे होती हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. फक्त ती इतरांना सांगण्याची त्यांची पद्धत जरा स्वतंत्र आहे. ‘रॉकेलच्या दुकानापासून डावीकडं घे, चिंचेखालून जा, आणि जिथं बापूंची लाल म्हैस बांधलेली असायची तिथनं आत वळ.’ रॉकेलच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, चिंच रुंदीकरणात गेली, आणि म्हैस जाऊन वीस वर्षं झाली. ‘मग म्हशीची जागा कशी ओळखायची?’ असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाले, ‘जावईबापू, जागा कुठं जाती? म्हैस गेली.’

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितले. मामींनी त्या यादीत ट्रकची पायरी स्वतःच्या अधिकारात घातली. स्टिअरिंग नामदेवकडे आलं. नामदेव सिन्नरकडचा, चाळिशीतला, मामांबरोबर पंधरा वर्षं काढलेला, म्हणजे सहनशीलतेची कोणतीही परीक्षा पास झालेला माणूस. पण मामांनी स्टिअरिंग दिलं, रस्ता दिला नाही. आडगावच्या घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते नामदेवला फोनवरून वळणं सांगत. नामदेवने प्रत्येक फाट्यावर थांबून फोन करायचा, असा नियम होता. ‘आता काय दिसतंय?’ ‘बॅनर दिसतोय, मामा. वाढदिवसाचा.’ ‘त्याच्या मागं काय हाय?’ ‘दुसरा बॅनर.’ अशा संवादांतून ट्रक पुढे सरकत असे.

ऐन हंगामात एकदा मामांनी त्याला कालव्याच्या कडेच्या जवळच्या रस्त्याने घातलं. तो रस्ता मामांच्या काळात होता, यात शंका नाही. आता त्याच्या अर्ध्या रुंदीवर उसाने हक्क सांगितला होता आणि उरलेला अर्धा ट्रकचं मागचं चाक पडताच पाण्याच्या चारीत उतरला. ट्रक कलला, खोकी पाण्यात गेली. तिकडे नानांच्या शेडमध्ये घड कापून ठेवलेले, बायका हातावर हात ठेवून बसलेल्या, आणि खोक्यांऐवजी आला तो नामदेव, गुडघ्यापर्यंत चिखल लेऊन. मामांचं म्हणणं त्यावर एकच होतं, ‘रस्ता बरोबर होता, मजबूत नव्हता.’

त्या दिवशी संध्याकाळी मामींनी निकाल दिला. एक तर ट्रकात रस्ता सांगणारं यंत्र बसेल, नाही तर ट्रक विकला जाईल. यंत्र बसलं की फोन बंद. मामांनी टोपी सारखी केली. मग अत्यंत मानभावीपणे म्हणाले, ‘घेऊ. पण निवडून घेऊ.’ घरात सगळ्यांना हा विजय वाटला. मामांची निवडण्याची पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना तो तसा वाटला नसता. घरची सून निवडायला त्यांना दोन दुपारी लागल्या होत्या. यंत्राला दीड वर्ष लागलं.

मोबाइलवर नकाशा फुकट मिळतो, हा माझा मुद्दा त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला. ‘फोन नामदेवचा. त्यावर त्याची बायको बोलती. ऐन वळणावर ती बोलाया लागली तर वळण जाणार का बायको?’ मग आम्ही नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे ट्रकचे हॉर्न, पडदे, गोंडे आणि यंत्रं एकत्र मिळतात. दुकानदाराने सात इंची पडद्याचं यंत्र पुढे ठेवलं. यात ट्रकची उंची आणि वजन भरता येतं, मग ते बुटक्या पुलाखालून नेत नाही, नेट नसलं तरी चालतं, असं तो उत्साहाने सांगू लागला. मामांनी त्याला हाताने थांबवलं आणि थेट यंत्राकडे वाकून विचारलं, ‘सायखेड्याचा जुना पूल पाण्याखाली गेला तर चांदोरीहून कसं जाशील?’ यंत्र गप्प. ‘काका, त्यात टाइप करावं लागतं,’ दुकानदार म्हणाला. ‘का? याला ऐकू येत नाय?’ ‘नाही, ते फक्त बोलतं.’ ‘मग ते माझ्या साडूसारखं झालं,’ मामा म्हणाले आणि पुढचं यंत्र मागवलं.

तोंडी परीक्षेत पास झालेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा ट्रकमध्ये होई. आठ दिवस वापरून पाहायचं, नापास झालं तर परत करायचं, असा करार मामांनी दुकानदाराशी केला होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, करून करून किती वेळा परत करणार. पहिलं यंत्र कारसाठी बनवलेलं निघालं. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांचा जोर त्याला सोसला नाही आणि द्वारकेचा चौक ओलांडायच्या आत ते धूर सोडून वारलं. दुसरं हिंदीत बोलायचं. ‘द्राक्षाच्या मळ्यात हिंदी कशाला? व्यापारी येतो तेव्हा ऐकतोच की,’ म्हणून परत. तिसरं काचेला रबरी टोपीने चिकटवायचं होतं. चैत्राच्या उन्हात रबर मऊ झालं आणि यंत्र बोलता बोलता नामदेवच्या मांडीवर उतरलं. चौथ्याने त्यांना एका विहिरीच्या काठावर नेऊन ‘आपण मुक्कामी पोहोचला आहात’ असं जाहीर केलं. मामांनी खाली उतरून विहिरीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, ‘नाना आत दिसत नायेत.’ पाचवं अंतर मीटरमध्ये सांगायचं. मीटरने कापड मोजतात, असं मामांचं मत पडलं.

एव्हाना चाणाक्ष वाचकाच्या लक्षात जे आलं असेल, ते माझ्या लक्षात यायला मात्र पाचवं यंत्र उजाडावं लागलं. परीक्षा घ्यायला परीक्षक ट्रकात हवा. मामींच्या बंदीत हा एकच अपवाद होता आणि मामा त्यावर सावकाश, चवीने जगत होते. परीक्षेच्या दिवशी ते सकाळी सहालाच तयार असत. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, खिशात अडकित्ता. नामदेव द्राक्षाचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून पायरी करी, मामा त्यावरून क्लीनरच्या बाजूला चढत आणि दार असं ओढून घेत की गल्लीला कळावं. पडद्याकडे ते कधीच पाहत नसत. जवळचा चष्मा ते लावत नाहीत. ‘मी रस्त्याकडं बघतो,’ असं त्याचं समर्थन. यंत्र नापास करून परतताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

सहावं यंत्र मामींनी स्वतः जाऊन आणलं. मराठी बोलणारं, ट्रकच्या बॅटरीवर चालणारं, स्क्रूने पक्कं बसणारं. परत करण्याची पावती त्यांनी दुकानातच फाडली. यंत्राला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ घातली गेली, त्यात पडद्याचा वरचा कोपरा झाकला गेला तो आजतागायत तसाच आहे. नारळ मामांनीच फोडला. मग क्रेट मागच्या भिंतीशी जाऊन पडला आणि ट्रक मामांशिवाय गेला. फोनही आला नाही.

त्यानंतरचे आठ दिवस आडगावच्या त्या गल्लीने कसे काढले ते गल्लीलाच ठाऊक. मामा खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रस्ता सांगू लागले. कुरिअरवाल्याला शेजारचं घर सांगताना त्यांनी पंचवटीमार्गे नेलं. भाजीवाली रोज त्याच गल्लीत येते. तिलाही जवळचा रस्ता सुचवला. ‘मामा, मी पोचलेली हाय,’ ती म्हणाली. पाचव्या दिवसापासून त्यांनी सुचवणंही सोडलं. मामींनी मला फोन केला. ‘जेवतात बरोबर, पण बोलत नाहीत हो. तुम्ही जरा येऊन जा.’ बंदी घालणाऱ्या आवाजात इतकी काळजी मी पहिल्यांदा ऐकली.

मी जायच्या आधीच नामदेव येऊन गेला होता. अंगणात उभा राहून त्याने मामींना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, ‘मशीन लय चुकतंय, मामा. रोज भलतीकडं वळाया सांगतं. तुम्ही बाजूला बसल्याबिगर नाय जमायचं.’ मामी मागच्या भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, ‘क्रेट नीट धुऊन घे. घसरतील.’

मी एका सोमवारी द्वारकेवरून त्यांच्याबरोबर ट्रकात चढलो. सिन्नरला खोकी भरली, नाशिक मागे टाकलं आणि दिंडोरीकडे लागलो. यंत्राने लगेच तोंड उघडलं. ‘शक्य तिथे मागे वळा.’ मामा खूश. ‘ऐकलं, जावईबापू? माल न उतरवता कुठं वळतोस, लेका?’ पुढच्या फाट्यावर ते म्हणालं, उजवीकडे. मामा म्हणाले, डावीकडे. नामदेव डावीकडे वळला. यंत्र क्षणभर थांबून म्हणालं, ‘नवीन मार्ग शोधत आहे.’ ‘शोध, शोध,’ मामा म्हणाले, ‘आमची तर हयात गेली.’ जाताना वाटभर हे चाललं. मामांनी एकेक वळण यंत्राच्या तोंडातून काढून घेतलं, आणि सांगायला हरकत नाही, एकही चुकलं नाही. जिथे रस्ता बदललेला होता तिथे नामदेव आधीच हळू आवाजात पुटपुटायचा, ‘इथं आता पूल झालाय बहुतेक,’ आणि मामा ताबडतोब म्हणायचे, ‘पुलावरनंच घे. मी तेच सांगणार होतो.’

दिंडोरीच्या अलीकडे चहाला थांबलो. मामा टपरीवाल्याला त्याच्याच गावचा रस्ता समजावून सांगत होते. मी केबिनमध्ये चढून माळ जरा बाजूला केली आणि पडद्यावरचा मुक्काम वाचला. आडगाव. मामांचं घर. मी नामदेवकडे पाहिलं. तो चहा फुंकत होता.

‘दाजी, सांगू नका,’ तो म्हणाला. ‘खरा पत्ता टाकला तर ते बरोबर सांगतं. एक दिवस टाकून बघितला. थेट शेडच्या दारात नेलं त्यानं. मी घरी जाऊन हे मामांना सांगू का?’

‘त्यांना कळलं तर?’

‘त्यांना चष्म्याबिगर दिसत नाय.’ मग एक घोट घेऊन म्हणाला, ‘चष्मा त्यांच्या खिशात असतो. पण ते लावत नाय.’

मी माळ पुन्हा पडद्यावर सारली. मामा परत आले, क्रेटवर पाय ठेवून चढले, आणि ट्रक निघाला. खोकी उतरवून परतीला लागलो तसं यंत्रात हळूहळू परिवर्तन होऊ लागलं. ते डावीकडे म्हणालं, मामाही डावीकडे म्हणाले. ते सरळ म्हणालं, मामांनी मान डोलावली. आडगाव जवळ आलं तेव्हा दोघांचं एकही वळण वेगळं पडत नव्हतं. मामा मागे रेलून बसले. उतरतं ऊन त्यांच्या टोपीवर आलं होतं. ‘सुधारलं बघा,’ ते म्हणाले. ‘वाईट नाय ते. संगत पाहिजे.’

त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी ट्रक निघताना दारात उभा होतो. मामींनी डबा वर दिला. मामांनी दार गल्लीला कळेल असं ओढून घेतलं. नामदेवने यंत्र सुरू केलं. घराच्या दारात, चाक एक इंचही हललेलं नसताना ते म्हणालं, ‘आपण मुक्कामी पोहोचला आहात.’

‘झालं,’ मामा खिडकीतून मला म्हणाले, ‘रात्रीत पुन्हा बिघडलं. आता दिवसभर शिकवावं लागणार.’

ट्रक गेला. मामांना या वर्षी अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. यंत्राची वॉरंटी दोन वर्षांची आहे.