यादीतून गाळलेलं नाव

“पंगत बघून आलास का रे?”

परभणीच्या एका मंगल कार्यालयात, शे-दीडशे माणसांसमोर, आमच्या श्रोता संघाच्या अध्यक्षांनी सोनाजीला हे विचारलं. लोक हसले. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढं धीर होणार नाही.

रेडिओच्या श्रोत्यांचं संमेलन होतं. आम्ही फर्माईशीची कार्डं पाठवणारी माणसं. एकमेकांना कधी पाहिलेलं नसायचं, पण रेडिओवर वाचलेली नावं पाठ असायची. संमेलनात एकेकानं माइकवर नाव-गाव सांगायचं. लोक ओरडायचे, “अरे, तुमीच का ते!” आणि मिठी मारायचे. तेवढा आनंद मला दुसरीकडं कुठंच मिळाला नाही. आजही ते आठवून बरं वाटतं, आणि लगेच लाज वाटते.

ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. मी राणीसावरगावच्या बौद्ध वस्तीतला, परभणीत कारकून. भाड्यानं खोली मिळावी म्हणून बापाचं आडनाव टाकून गावाच्या नावाला ‘कर’ लावला होता. संघातही तेच. अक्षर चांगलं, म्हणून जिल्ह्यातल्या सभासदांची नावं जुळवून कार्डं लिहायचं काम माझ्याकडं आलं.

सोनाजी गावातला माझा शेजारी. रेडिओचं वेड मला त्यानंच लावलं. मजुरी करायचा. उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवून पुन्हा चालवायचा. एकदा तरी आपलं नाव रेडिओतून ऐकायचं, एवढीच हौस. दर महिन्याला संघाकडं नाव कळवायचा, आडनावासकट.

अध्यक्ष मला म्हणाले होते, “हे नाव आपल्यात नको. सध्या वातावरण बरं न्हाई.”

मी गाळलं. दोन वर्षं गाळत राहिलो. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून, हे अर्धंच खरं. त्याच्या आणि माझ्या नावापुढं एकच गाव आलं असतं. कुणीतरी चौकशी केली असती. मला त्याची भीती होती.

सोनाजीला वाटायचं, आपली पत्रंच पोचत नाहीत. म्हणून तो स्वतः आला. धुतलेला सदरा घालून माइकसमोर उभा राहिला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. ते नाव कुणी ऐकलंच नव्हतं.

तेव्हा अध्यक्ष पंगतीचं बोलले. मग माझ्याकडं वळले.

“तुमच्याच गावचा म्हणायलाय. वळखता का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

सोनाजीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्यासमोर कार्डांचा गठ्ठा होता, छातीवर चिटणिसाचा बिल्ला. त्याला सगळं कळलं.

“बरोबर हाय साहेबांचं,” तो म्हणाला. “आमी रानात ऱ्हातो. ते कशाला वळखतेत आमाला?”

मला वाचवलं त्यानं. आणि निघून गेला. मी जेवलो. जिलेबीही खाल्ली.

नंतर स्टँडवर धावत गेलो. तो बसची वाट बघत होता. मी हाक मारली.

“हितं हाक मारू नको,” तो हळूच म्हणाला. “कोनी बघंल. तुझी खोली जाईल.”

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित तसाच राहिलो असतो.

पुढच्या महिन्यातल्या सगळ्या कार्डांवर मी पहिलं नाव सोनाजीचं लिहिलं. दुसरं माझं, बापाच्या आडनावानं. अध्यक्षांनी गठ्ठा पाहिला.

“तुमी बी?”

“मी बी.”

त्यांनी कार्डं फाडली. संघ सुटला, खोली सुटली. पण मी शूर नव्हतो. ज्या दिवशी बोलायचं होतं, त्या दिवशी ‘न्हाई’ म्हणालो होतो. सोनाजीनं तोवर रेडिओ विकून टाकला होता. त्याचं नाव कुठल्याच रेडिओतून कधी वाचलं गेलं नाही. तो गेला त्यालाही आता वर्षं झाली.

परवा नव्या संघाचं पत्र आलं. जुना श्रोता म्हणून माझा सत्कार आहे. रेडिओच्या सोनेरी दिवसांवर बोला म्हणतात.

आधी गंगाखेडला जाणार. सोनाजीची मुलगी तिथं शिक्षिका आहे. तिला हे सगळं तोंडानं सांगणार. माफी मागणार नाही. माफी मागितली की समोरच्यावर ती देण्याचं ओझं पडतं, आणि त्या घरानं माझ्यासाठी पुष्कळ केलंय. तिनं हो म्हटलं तरच मंचावर जाईन. शाल घेणार नाही. नाव कुणी गाळलं, कशासाठी गाळलं, एवढंच सांगून खाली उतरेन. ती नको म्हणाली, तर तिचा तो हक्क. मग मी घरीच बसेन, आणि का बसलो ते विचारील त्याला सांगेन.