ताट वाजवलं की येणारे खडस

...आणि माझी भांडी घासून झाली की आमचे मालक घाटाच्या पायरीवर ताट वाजवायचे, उरलेला भात मलप्रभा नदीत टाकायचे. डोहातले मिशावाले खडस मासे थेट पायाशी यायचे. मालक गेले, तरी मी रोज तसंच ताट वाजवत राहिले.

काल तिथंच शेजारचा आप्पा ताट वाजवून जाळं टाकत होता. टोपली भरत आली होती.

"आक्का, लई गुणाचे मासे तुमचे! हाक मारली की येत्यात."

"सोड की रं त्यास्नी."

"मी सोडलं तर दुसरा धरंल."

मैत्रिणींनो, माणसावर भरवसा ठेवायला त्यांना आम्हीच शिकवलं. तो मोडायचा कसा?

आज सकाळी मी ताट वाजवलं. उरलेले चार मासे आले. मी त्यांना दगड मारले.