आमच्या साडूंचं डोकं

आमच्या थोरल्या साडूंचं डोकं ही गोरेगावातली एकमेव गोष्ट असेल, जिच्याबद्दल गावातल्या दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतं. ते दुखायचं. आज कुठल्या बाजूनं दुखतंय आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे ते दुपारपर्यंत दम धरणार की नाही, याची खबर सेनगावकडे निघालेल्या पहिल्या जीपबरोबर तालुक्याला पोचायची. मी हिंगोलीला नोकरीला. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, त्यांना दिलेली. त्यामुळे मला ती खबर जीपच्याही आधी फोनवर मिळायची. कसं काय चाललंय म्हटलं की माणसं आपली खुशाली सांगतात. साडू डोक्याची सांगत, आणि तीही घरातल्या एखाद्या तापट म्हाताऱ्याबद्दल बोलावं तशी. "आज जरा गप हाये. काल लई चिडलं होतं."

अशा माणसानं कापडाचं दुकान टाकावं, किराण्याचं टाकावं. साडूंनी भांड्यांचं टाकलं. बाजाराच्या दिवशी बायका येऊन पातेली आणि पराती बोटानं वाजवून बघत, आणि दर वाजण्याला साडू डोळे मिटून घेत. भावही डोळे मिटूनच सांगत. गिऱ्हाइकाला वाटायचं, भाव उतरवताना या माणसाच्या जिवाला फारच यातना होत आहेत, आणि ते बिचारं पुढं घासाघीस करत नसे. या डोक्यानं तुम्हाला बरंच कमवून दिलंय, हे मी त्यांना तोंडावर म्हणत असे. त्यांना ते मान्य होतं.

डोकं का दुखतं याचं ज्यानं जे कारण सांगितलं, ते त्यांना पटलं. कोणी नंबर आला असेल म्हटलं, चष्मा केला. कोणी पित्त म्हटलं, वांगं आणि तूरडाळ सोडली. आक्का दोन चुली सांभाळून थकली तेव्हा पुन्हा धरली. उत्तरेला डोकं करून झोपता, असं एक पाहुणा बोलून गेला, तर पलंग फिरवला. फिरवलेल्या पलंगामुळे दार उघडेना, म्हणून गवंडी बोलावून दारच सरकवलं. पुढं कोणीतरी दाढेवर संशय घेतला. साडू तडक हिंगोलीला आले. दातांचा डॉक्टर परोपरीनं सांगत होता की दाढ एकदम ठणठणीत आहे. साडू म्हणाले, "ठणठणीत हाये म्हणूनच शक येऊन राहिला." दाढ गेली, डोकं राहिलं.

पण त्यांचा खरा जीव होता गोळीवर. पानटपरीवरसुद्धा मिळते ती साधी डोकेदुखीची गोळी. तिची पट्टी त्यांच्या वरच्या खिशात कायम असे. सकाळी चहाच्या आधी एक, डोकं दुखायच्या आतच त्याला बांध घातलेला बरा म्हणून. मग दिवसभर जशी लहर येईल तशी. दुकानात कोणी टेकलं की सुपारीच्या आधी गोळी पुढं यायची, आणि नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं. लग्नाच्या मांडवात वाटली, मयतीला गेले तिथंही वाटली. एकदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा थेट साहेबांच्या टेबलावर एक ठेवून "तोंडावरून दिसून राहिलं, साहेब" असं म्हणाले. साहेबांनी निमूटपणे पाणी मागवून घेतली, आणि पुढं कित्येक दिवस साडू पुन्हा कधी येणार म्हणून मला विचारत होते.

डॉक्टरांकडे जायची त्यांची रीत तर आणखीच न्यारी. पाहुण्यांच्या घरी जावं तसे ते जायचे. दाढी, आंघोळ, इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध, आणि निघताना एकाच्या जागी दोन गोळ्या. तकलीफ घेऊन कोणाच्या दारात उभं राहू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आजवर एकाही डॉक्टरनं त्यांचं डोकं दुखताना पाहिलेलं नव्हतं. डॉक्टर विचारायचा, आता दुखतंय का? साडू हसून सांगायचे, आपल्या कृपेनं काही नाही. काही औषध चालू आहे का? छे, काहीच नाही. गोळी ही त्यांच्या लेखी चहासारखी, ती कोणी औषधात धरतं का? मग तेच डॉक्टरला विचारायचे, तुमचं गाव कोणतं, आणि दोघांचं कुठलंतरी नातं काढूनच बाहेर यायचे. हिंगोलीच्या एका डॉक्टरकडून ते त्याच्या कंपाउंडरसाठी स्थळ ठरवून आले होते. लग्न झालं, छान चाललंय, फक्त डोक्याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

नांदेडला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, असं मी किती वेळा सांगितलं असेल. कधी सोयाबीनची काढणी आडवी यायची, कधी लग्नसराई. मला वाटायचं, हा निव्वळ आळस. मग एका दुपारी आक्काचा फोन आला. साडू दुकान उघडं टाकून घरी आले होते, उलट्या झाल्या होत्या आणि भिंतीला डोकं टेकून बसले होते. आक्का हळू आवाजात म्हणाली, "ह्यांच्या बाबांचं असंच झालं होतं. डोकं डोकं म्हणत नांदेडला नेले, ते वापस आलेच न्हाईत." त्या घरात हे कोणी कधी बोलत नाही. इतकी वर्षं मी ज्याची टिंगल केली, तो माणूस भीतीनं अर्धमेला झाला होता आणि त्याच भीतीपायी नांदेडचं नाव टाळत होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी ठरवून गेलो. शर्टाला इस्त्री आक्कानं केली, वरचा खिसा रिकामा ठेवला आणि तीही आमच्याबरोबर गाडीत बसली. ते साडूंच्या लक्षात आलं ते हिंगोली ओलांडल्यावर. कळमनुरीपर्यंत त्यांनी वाटेतल्या प्रत्येक टपरीकडे आशेनं पाहिलं, मी गाडी थांबू दिली नाही. नांदेडला पोचले तेव्हा डोक्याला टॉवेल करकचून बांधलेला, गंध पुसलेलं, डोळे लाल. आयुष्यात पहिल्यांदा ते डॉक्टरसमोर आजारी माणसासारखे बसले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं घाई केली नाही. दुखायला कसं सुरू होतं, उजेड सहन होतो का, घरात आणखी कोणाला होतं, सगळं विचारलं. औषध काय घेता म्हटल्यावर साडू सवयीनं म्हणाले, काही नाही. तेव्हा आक्का पुढं सरकली. "रोज चार-पाच गोळ्या खातेत, मॅडम. दुकानात येणाऱ्यालाबी देतेत." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

मशीनमध्ये डोकं घालून फोटो काढले. त्यांचा निकाल येईपर्यंत साडूंनी कोणालाच त्याचं गाव विचारलं नाही. डोक्यात काही नव्हतं. मुळात अर्धशिशी होती, आणि वर्षानुवर्षं रोज गोळ्या खाऊन तिचं रोजचं दुखणं झालं होतं. "तुम्ही डोकं दुखतं म्हणून गोळ्या खाता, आणि आता गोळ्या खाता म्हणून डोकं दुखतं," डॉक्टर म्हणाली. ती गोळी बंद, दुसरी औषधं सुरू, आणि पहिले काही दिवस जड जातील, हेही तिनं सांगितलं. ते जड गेलेच. त्या दिवसांत आक्कानं घरात भांडं वाजू दिलं नाही. पुढं दुखणं महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं.

पण मला आठवते ती नांदेडहून परतायची वाट. आखाडा बाळापूरला आम्ही चहाला उतरलो. आक्काला गाडीतच झोप लागली होती, कित्येक दिवसांची राहिलेली. साडूंनी टॉवेल सोडून मांडीवर ठेवला. डोकं दुखतच होतं, ते तोंडावर दिसत होतं. रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाबा गेले त्या वयाला मी औंदाच पोचलो. रोज सकाळी दुखाय लागलं की वाटायचं, आज नेतंय बगा हे."

मी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

"आता मॅडम म्हनती, काई न्हाई. लई दिवस पडले की मंग समोर, साडूभाऊ. मी तर काईच ठरवलं न्हाई त्याचं."

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. पण हा माणूस मला किती हवा आहे ते मला त्या बाकड्यावर कळलं. साडूंनी ग्लास खाली ठेवला, गाडीत झोपलेल्या आक्काकडे पाहिलं आणि विचारलं, "घाई न्हाई ना तुमाला?"

मी नाही म्हटलं. मग आम्ही तिथं नुसते बसून राहिलो.